दहावीच्या आसपास व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम निवडताना

आयटीआयच्या कार्यशाळेत फिटरच्या नव्या तुकडीला सुरुवातीचे कित्येक दिवस बहुधा एकच काम असते. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, कानशीने घासायचा, मग उजेडाकडे धरून त्याच्या कडेला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये. माझी भाची नववीत असताना तिला अशी एक कार्यशाळा दाखवायला मी घेऊन गेलो होतो. एका मुलाचे हात पाहत ती बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, हे रोज असंच असतं?" उत्तर तिथे शिकवणाऱ्या शिल्प निदेशकांनीच दिले, "रोज नाही, पण हे नीट आल्याशिवाय पुढचं काही येत नाही."

कोणत्याही माहितीपत्रकात ही कानस दिसत नाही. माहितीपत्रकात अभ्यासक्रमाचे नाव, प्रवेशक्षमता आणि हसऱ्या मुलांचे छायाचित्र असते. ज्या घरात आजवर सगळ्यांनी कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांतूनच शिक्षण घेतले आहे, त्या घराला आयटीआय, पदविका, द्विलक्ष्यी विषय ही नावे ऐकून माहीत असतात. पण त्या अभ्यासक्रमातला विद्यार्थी दिवसभर काय करतो आणि तीन वर्षांनी कुठे पोहोचतो, हे सांगणारे कुणी जवळ नसते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

पहिली पायरी: अभ्यासक्रमाचा शेवट आधी पाहावा

बहुतेक पालक "किती टक्क्यांना मिळतो?" येथून सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असावा. पहिला प्रश्न असा, की अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर हातात कोणते प्रमाणपत्र येते, ते कोण देते, आणि त्याच्या आधारे पुढे कुठे प्रवेश मिळतो व कुठे मिळत नाही. व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम एखादी वाट लवकर मोकळी करतो आणि त्याच वेळी एखादी वाट अवघड करतो. घरात बोलताना यातली दुसरी बाजू राहून जाते.

एक उदाहरण घेऊ. अकरावी विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्ष्यी, म्हणजे नेहमीच्या काही विषयांच्या जागी घ्यायचा व्यवसायाभिमुख विषय घेण्याकडे मुंबईत मोठा ओढा असतो. हा विषय २०० गुणांचा असून त्यातील निम्मे गुण प्रात्यक्षिकांचे असतात, त्यामुळे नीट अभ्यास करणाऱ्याची टक्केवारी त्यात सावरते. मात्र तो घेताना सहसा दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडावे लागते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. परंतु "पुढे वाटलं तर 'नीट' देऊ" असे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेबद्दल मनात असलेल्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र सोडणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. हा निर्णय अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, वर्गातल्या मित्रांनी काय घेतले ते पाहून घेतला जातो, ही खरी अडचण आहे.

म्हणून एक वही करावी. प्रत्येक अभ्यासक्रमासाठी एक पान ठेवून त्यावर कालावधी, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा, त्यानंतरचा थेट प्रवेश आणि बंद होणारी वाट एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. चौथी जागा कोरी राहिली, तर चौकशी अपुरी आहे असे समजावे.

दुसरी पायरी: आठवी-नववीतच काय करता येते

ही पायरी छोटी आहे, पण वेळ गेल्यावर ती घेता येत नाही. काही शाळांत आठवीपासून तांत्रिक विषय असतो, तर समग्र शिक्षा योजनेतील अनेक शाळांत नववी-दहावीला ऑटोमोबाइल, आरोग्यसेवा, रिटेल, सौंदर्य व निगा, पर्यटन यांसारखे व्यवसाय विषय असतात. आपल्या शाळेत यांपैकी काही आहे का, आणि तो विषय कोणत्या विषयाच्या जागी घ्यावा लागतो, हे सातवीच्या शेवटी विचारून ठेवावे.

चित्रकलेत गती असलेल्याने शासकीय रेखाकला परीक्षांकडे दुर्लक्ष करू नये. एलिमेंटरी झाल्यावर इंटरमिजिएट द्यावी. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला अ श्रेणीसाठी ७, ब साठी ५ आणि क साठी ३ असे वाढीव गुण मिळतात. या परीक्षा नववीतच उरकलेल्या बऱ्या, कारण दहावीच्या वर्षात हातात ब्रश धरायला सवड राहत नाही. गुणांपेक्षाही मोठा लाभ असा, की दोन-तीन तास एका जागी बसून रेखाटन करणे आपल्याला आवडते की नाही, हे मुलाला स्वतःलाच कळते. सन १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे नाव घरात घेतले जात असेल, तर ही कसोटी लवकर लागलेली चांगली.

तिसरी पायरी: मुख्य वाटा ओळखाव्यात

आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ही सर्वांत कमी समजून घेतलेली वाट आहे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटर मेकॅनिक, रेफ्रिजरेशन व वातानुकूलन हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर आणि संगणक चालकाचा कोपा हे एक वर्षाचे. येथे 'ट्रेड' या शब्दाला मराठीत 'व्यवसाय' म्हणतात, हे अर्ज भरताना लक्षात ठेवावे, नाहीतर नवखा माणूस गोंधळतो. काही व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असणेही आवश्यक नसते. मुंबईत कुर्ला, मुलुंड, लोअर परळ, दादर, बोरिवली अशा ठिकाणी शासकीय संस्था आहेत आणि त्यांची फी खासगी संस्थांच्या तुलनेत अगदी नाममात्र असते. कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे असून त्याचे कार्यालय महापालिका मार्गावर आहे.

आयटीआयचा खरा कस प्रमाणपत्रानंतर लागतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. रेल्वेच्या लोअर परळ, परळ आणि माटुंगा येथील कार्यशाळा, नौदल गोदी, माझगाव डॉक ही मुंबईतील जुनी ठिकाणे. माझगाव डॉक तर आयटीआय झालेल्यांखेरीज दहावी उत्तीर्ण आणि आठवी उत्तीर्ण मुलांसाठीही स्वतंत्र गट ठेवून परीक्षा घेते, हे गिरणगावातल्या जुन्या घरांना ठाऊक असते आणि उपनगरातल्या नव्या वसाहतींना सहसा नसते. उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. तेथे मिळालेला अनुभव घेऊन पुढची भरती स्वतः शोधावी लागते. शिकणे चालू ठेवायचे असेल, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

पदविका, म्हणजे पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, ही दुसरी मोठी वाट. दहावीला किमान ३५ टक्के गुण असलेला विद्यार्थी अर्जास पात्र ठरतो, पण चांगल्या संस्थेत जागा त्याहून बऱ्याच वरच्या गुणांना संपतात. वांद्रे पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे मुख्य कार्यालयही त्याच आवारात आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, जी १८८७ मध्ये सुरू झाली, पदवीबरोबर पदविकाही शिकवली जाते. विलेपार्ल्याचे भागूभाई मफतलाल, चेंबूरचे विवेकानंद अशी खासगी तंत्रनिकेतनेही परिचयाची आहेत. पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे बारावी करून जाणाऱ्याइतकीच वर्षे लागतात आणि त्यांतली तीन वर्षे हाताला काम शिकवण्यात गेलेली असतात. गणितासह पदविका केलेल्याला वास्तुकलेची वाटही बंद होत नाही.

पदविकेबद्दल माझे एक मत आहे आणि ते कदाचित सगळ्यांना पटणार नाही. "जेईई-सीईटीची कटकट नको म्हणून डिप्लोमा" हे कारण फार तकलादू आहे. पहिल्या दोन सत्रांत गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकी आलेखन यांचा मारा असतो. शाळेत मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकांचाही सामना करावा लागतो. मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिलेला आहे. आपल्या संस्थेत तो आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. पहिल्याच वर्षी दोन-चार विषय राहिले, की एटीकेटीचे ओझे तिसऱ्या वर्षापर्यंत खांद्यावर राहते, आणि थेट दुसऱ्या वर्षाचा पदवीप्रवेश पदविकेच्या गुणांवरच अवलंबून असतो. ज्याला वस्तू उघडून पाहण्याची खाज आहे त्याने पदविकेला अवश्य जावे; नुसतीच प्रवेशपरीक्षा चुकवायची असेल, तर त्याने अकरावीतच नेटाने अभ्यास केलेला बरा.

'एमसीव्हीसी' हे नाव घरातल्या काका-मावश्यांकडून ऐकू येईल. किमान कौशल्यांवर आधारित हे उच्च माध्यमिक अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राज्यात आले आणि पुढे त्यांची नावे व आराखडा बदलला. जुन्या आठवणीवर विसंबू नये. हव्या त्या महाविद्यालयात हव्या त्या वर्षी तो अभ्यासक्रम चालू आहे का, हे आधी तेथेच विचारून खात्री करावी. हॉटेल व्यवस्थापन, परिचर्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांच्या मुख्य वाटा बारावीनंतर फुटतात, त्यामुळे दहावीनंतर "थेट हॉटेल मॅनेजमेंट" असे कुणी सांगितले, तर ते प्रमाणपत्र कुणाचे आहे हे दोनदा विचारावे. दादरच्या वीर सावरकर मार्गावरील हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून आहे आणि तिचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतरचाच आहे.

चौथी पायरी: जाऊन पाहावे, तेही कामाच्या दिवशी

निवड दोन-तीन संस्थांवर आली, की प्रत्यक्ष भेट द्यावी. रविवारी किंवा सुट्टीत गेल्यास फक्त इमारत दिसते. आगाऊ विचारून, प्रात्यक्षिक चालू असताना जावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात: यंत्रांवर धूळ आहे की तेल, एका यंत्राभोवती किती मुले उभी आहेत, मुलांच्या जर्नलमध्ये आकृत्या स्वतः काढलेल्या आहेत की एकमेकांच्या उतरवलेल्या, आणि साहित्याच्या कपाटाला कुलूप आहे का. कुलूप असणे वाईट नव्हे. पण किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात पंधरा मिनिटे गेली, तर ते साहित्य रोज बाहेर निघत नाही असे खुशाल समजावे. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी, शिक्षक जवळ नसताना, पाच मिनिटे बोलावे. "प्लेसमेंट किती?" असे न विचारता "मागच्या वर्षीचे तुमचे मित्र आता कुठे आहेत?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

एका उपनगरात "शंभर टक्के नोकरी" अशी मोठी पाटी लावलेल्या एका खासगी वर्गात मीही शिरलो होतो. आत अकरा संगणक होते, त्यांपैकी चार चालू होते, आणि वर्षाची फी मात्र शासकीय तंत्रनिकेतनाच्या कितीतरी पट होती. प्रमाणपत्र कोण देते असे विचारल्यावर समोरच्या बाईंनी त्यांच्याच संस्थेचे नाव छापलेला नमुना दाखवला. असे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण पुढच्या प्रवेशाला किंवा शासकीय भरतीला त्याचा आधार मिळत नाही. पदविकेसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता, तर आयटीआयसाठी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची मान्यता तपासावी.

प्रवासाचा हिशेब याच भेटीत करावा. आयटीआयच्या काही पाळ्या सकाळी लवकर भरतात. विरारहून वांद्र्याला किंवा पनवेलहून कुर्ल्याला गर्दीच्या वेळी, हातात ड्रॉइंगची नळी आणि पाठीवर दप्तर घेऊन जाणे हे रोजचे काम आहे आणि तीन वर्षे करायचे आहे. एकदा मुलाने स्वतः, आईवडिलांशिवाय, ऐन गर्दीत जाऊन यावे. त्यानंतर विकल्पांचा क्रम अनेकदा बदलतो.

पाचवी पायरी: कागदपत्रे निकालाच्या आधी तयार ठेवावीत

येथे मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. भाचीचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र घरात होते, फाइलमध्ये नीट लावलेले होते, आणि त्यावरची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली होती. ती तारीख आम्ही कुणीच वाचली नव्हती. जून महिन्यात सेतू केंद्रासमोर रांग लागलेली असते, आणि नवे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आम्हाला रोज पोर्टल उघडून बघण्यापलीकडे काही करता आले नाही. प्रवेशाच्या वर्षाचा पुढचा ३१ मार्च ज्या प्रमाणपत्रात सामावतो, तेच प्रमाणपत्र चालते.

म्हणून दहावीच्या परीक्षेनंतरचा एप्रिल महिना या कामाला द्यावा. शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतरच मिळतो, पण अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे आधी काढता येतात. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करता येतो. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते मागितले जाते, त्यामुळे त्याचा अर्ज शक्य तितक्या लवकर करून पोचपावती जपून ठेवावी. नावातील एखादे अक्षर आधार कार्डावर वेगळे आणि शाळेच्या नोंदीत वेगळे असेल, तर ते दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच, शाळेतच दुरुस्त करून घ्यावे. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावावर व आधारशी जोडलेले असावे, कारण महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरील शिष्यवृत्तीची रक्कम त्यातच येते. पदविकेसाठी शिक्षण शुल्क माफीच्या काही अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या प्रवेशक्षमतेवरच्या जास्तीच्या, जागा असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्यांनी प्रवेशअर्जातच त्या पर्यायाची निवड करावी, नंतर मागता येत नाही.

सहावी पायरी: अर्ज आणि विकल्पांचा क्रम

अकरावी, पदविका आणि आयटीआय या तीनही प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या यंत्रणांच्या आहेत आणि तिन्हींची संकेतस्थळे वेगळी आहेत. एकाच वेळी तिन्हीकडे अर्ज करता येतो आणि करावाही, कारण तारखा एकमेकींची वाट पाहत नाहीत. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई परिसरात २००९ पासून आहे आणि २०२५ पासून तो राज्यभर झाला. प्रत्येक पोर्टलचा लॉगिन क्रमांक व पासवर्ड त्याच वहीत लिहून ठेवावा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलवर ओटीपी जाईल अशी व्यवस्था कधीही करू नये.

विकल्प भरताना एक नियम सांगावासा वाटतो: जी संस्था मिळाली तरी आपण जाणार नाही, ती यादीत लिहूच नये, आणि जी सर्वांत हवी ती पहिली लिहावी, मग मिळण्याची शक्यता कमी का असेना. गुणवत्तेपेक्षा वरची संस्था पहिली लिहिल्याने खालच्या विकल्पाचा हक्क जात नाही. मात्र पहिला विकल्प मिळाला, तर तो घ्यावाच लागतो: अकरावीत न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते, आणि पदविकेतही पहिला विकल्प मिळाला की जागा आपोआप निश्चित होते. पदविकेच्या पहिल्या फेरीत त्यानंतरचा विकल्प मिळाल्यास जागा स्वीकारून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या विकल्पाची वाट पाहता येते. दोन-तीनच विकल्प भरून "बघू" म्हणणे हा सर्वांत महाग पडणारा आळस आहे. पदविकेत शाखा महत्त्वाची की संस्था, हा वाद घरात होईलच. माझा कौल शाखेला, कारण तीन वर्षे रोज तोच विषय हाताळायचा असतो.

जहाजावरच्या नोकरीबद्दल थोडे वेगळे

मुंबईत ही स्वप्ने विकणारे बरेच आहेत, म्हणून हा परिच्छेद. दहावीनंतर जहाजावर खलाशी म्हणून जाण्याची अधिकृत वाट म्हणजे जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम. त्यासाठी वयाची साडेसतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, दहावीला इंग्रजीतही ठरावीक गुण लागतात, आणि दृष्टीची, विशेषतः रंग ओळखण्याची, वैद्यकीय तपासणी असते. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे त्या कार्यालयाच्या यादीत पाहता येते. ते कार्यालय कांजूरमार्गलाच आहे. "आधी पैसे भरा, जहाज आम्ही देतो" असे म्हणणाऱ्या दलालाकडून बाहेर पडताना त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. अधिकारी व्हायचे असेल, तर बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन पूर्ण करावी लागते, आणि त्याची तयारी अकरावीच्या विषयनिवडीपासूनच होते.

प्रवेश निश्चित झाल्यावर

संस्थेच्या कार्यालयातून रेल्वे सवलतीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात घ्यावा. पत्ता शिधापत्रिकेवरचा आणि स्थानक घराजवळचे असेल याची खात्री करावी, नाहीतर पास काढताना खिडकीवरून परत फिरावे लागते. कार्यशाळेसाठी एप्रन आणि बंद बूट लागतात. सत्र भर पावसात सुरू होते, आणि ओल्या बुटांनी इलेक्ट्रिकलच्या कार्यशाळेत पाय टाकू देत नाहीत. माझी भाची आता पदविकेला इलेक्ट्रिकल शाखेत आहे. तिने पहिल्या जुलैपासून जुन्या बुटांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेला आहे.